विमान तेच, वैमानिक जुना

अमेरिकेत खासगी विमान चालवण्याचा परवाना एकदा मिळाला की माणूस जाईपर्यंत चालतो. त्यावर मुदतीची तारीखच नसते. मोटारीचा परवाना ठरावीक वर्षांनी नवा करावा लागतो, पासपोर्ट दहा वर्षांनी बदलावा लागतो, पण तीन माणसं बरोबर घेऊन पाच हजार फुटांवर जायची परवानगी सरकार एकदाच देतं. त्यामुळे वर्षानुवर्षं विमानाच्या आसपासही न फिरकलेले पुष्कळ पायलट या देशात आहेत. कुणाकडे जेवायला गेल्यावर विषय निघाला, की ते "मी पायलट आहे" असं वर्तमानकाळात सांगतात. मीही सांगत आलो. शेवटचं विमान कधी उडवलंत, असं विचारण्याइतका दुष्ट माणूस पंगतीत सहसा नसतो.

सरकार तितकं भोळं नाही, हे परत उडायचं मनात आलं की कळतं. परवाना संपत नाही, पण तो वापरायचा तर दर २४ महिन्यांत एकदा इन्स्ट्रक्टरबरोबर फ्लाइट रिव्ह्यू करावा लागतो: निदान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत. याला ते परीक्षा म्हणत नाहीत. नापासही कुणाला करत नाहीत. इन्स्ट्रक्टर फक्त लॉगबुकात सही करत नाही आणि "पुढच्या शनिवारी मोकळे आहात ना?" असं गोड आवाजात विचारतो. त्यात ३१ मार्च २०१० नंतर जुने कागदी परवाने चालेनासे झाले. पाकिटात जिवापाड जपलेला तो कागद काउंटरवर ठेवला, की पलीकडची मुलगी तो दुसऱ्या पोरीला बोलावून दाखवते. बदली म्हणून प्लॅस्टिकचा परवाना दोन डॉलरला मिळतो. विमानाच्या दुनियेत दोन डॉलरला मिळणारी दुसरी वस्तू मी अजून शोधतोय.

उडणं कुणी ठरवून सोडत नाही. मी सॅन होजेला शिकलो ते १९९०च्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा विमानाचं भाडं तासाला साठ-सत्तर डॉलर होतं, लग्न नवं होतं आणि कंपनीचे शेअर रोज वर जात होते. पुढे घर झालं, मुली झाल्या, २००८ साल आलं. शनिवारची सकाळ आधी मुलींच्या सॉकरला गेली, मग कथकच्या क्लासला, मग महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाच्या तालमींना. त्या नाटकात मला वाक्य एकच असे, पण हजेरी पूर्ण लागे. "या महिन्यात नाही जमलं" असं दर महिन्याला म्हणत राहिलो. धाकटी कॉलेजला गेली त्या शनिवारी घर एकदम शांत झालं आणि बायको म्हणाली, "आता गॅरेज आवर." मी विमानतळावर गेलो.

तिथे गेल्यावर कळलं की ही रीतच आहे. परतणाऱ्यांच्या जाती ठरलेल्या आहेत. मुलं कॉलेजला गेलेले आम्ही. घटस्फोट झालेले, त्यांच्याकडे वेळ भरपूर, पैसे वकिलाकडे. निवृत्त झालेले, ते चेकलिस्टची पानंसुद्धा मन लावून वाचतात, कारण घरी जायची घाई नसते. आणि स्टेंट बसल्यावर "आता नाही तर कधी" म्हणत आलेले. त्यांना डॉक्टरनं केव्हाच सोडलेलं असतं, विमान खात्यानं अजून धरलेलं असतं. एओपीए ही खासगी पायलटांची संघटना १९३९ सालची. ती आमच्यासारख्यांसाठी मुद्दाम वर्ग भरवते. मी गेलो त्या वर्गात खोलीभर पांढरी डोकी होती. वक्त्यानं विचारलं, "दहा वर्षांत न उडालेले किती?" हात वर. "वीस?" तेवढेच हात. "तीस?" म्हटल्यावर मागून एक आजोबा म्हणाले, "प्रश्न जरा मोठ्यानं विचाराल का?"

घरी विषय काढताना मी जे. आर. डी. टाटांना मदतीला घेतलं. १० फेब्रुवारी १९२९ ला भारतातला पहिला परवाना मिळालेला हा माणूस १५ ऑक्टोबर १९३२ ला पुस मॉथमधून कराचीचं टपाल घेऊन जुहूला उतरला. त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथ घेऊन तोच प्रवास त्यांनी पुन्हा केला. "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी!" मी टेबलावर बोट आपटून म्हणालो.

"त्यांनी मधली पन्नास वर्षं विमानांत काढली," बायको म्हणाली. "तू एक्सेलमध्ये काढलीस."

नंतर थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, "विमा आहे ना?" आमच्या घरात याला होकार म्हणतात. मिरजेला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "का रे, तिकडचे रस्ते खराब झाले का?"

पुढचा टप्पा डॉक्टरचा. पूर्वी विमान खात्यानं नेमलेल्या डॉक्टरकडूनच तपासून घ्यावं लागे. १ मे २०१७ पासून बेसिकमेड नावाची सोय झाली: २००६च्या जुलैच्या मध्यानंतर एकदा तरी ती जुनी तपासणी झालेली असली, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरनं चार वर्षांतून एकदा लांबलचक यादी तपासून सही केली की झालं. दर दोन वर्षांनी एक ऑनलाइन अभ्यासक्रमही करायचा. कायदा चांगला आहे. त्यानं फक्त नेहमीच्या डॉक्टरला विचारलेलं नाही. माझे डॉक्टर माझं कोलेस्टेरॉल, माझी शुगर आणि दिवाळीनंतरचं माझं खोटं बोलणं गेली अनेक वर्षं ओळखून आहेत. त्यांनी यादी वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, परत यादी वाचली. "म्हणजे हे विमान तुम्ही चालवणार?" मी हो म्हटलं. "आणि खाली लोक असणार?" मग त्यांनी माझे कान इतक्या बारकाईनं तपासले, जितके आधी कधीच तपासले नव्हते. सही केली, आणि मी निघताना म्हणाले, "आमच्या घरावरून जायचा रस्ता आहे का?"

आता विमान. सेसना १७२ हे जगात सगळ्यात जास्त बनलेलं विमान. १९५६ साली ते बाजारात आलं. अपघातानंतरच्या कोर्टकज्ज्यांनी छोट्या विमानांचा धंदा बसवला, तेव्हा १९८६ साली कंपनीनं ते बनवणंच थांबवलं. १९९४ साली कायदा झाला, की अठरा वर्षांहून जुन्या विमानासाठी कारखानदाराला कोर्टात खेचता येणार नाही, आणि १९९६ साली उत्पादन परत सुरू झालं. म्हणजे मोठी रजा घेऊन परत येण्याचा मान या विमानानं आमच्या आधी मिळवलेला आहे. भाड्याच्या विमानांत मधलं दशक त्यामुळे दिसतच नाही. एकतर अगदी म्हातारी विमानं, नाहीतर नवी, आणि नव्यांत पुष्कळदा डायलऐवजी काचेचे पडदे. काचेच्या पडद्यांच्या विमानाला तासाला जास्त पैसे पडतात, हे ऐकून मी जुन्याकडे वळलो आणि पाहतो तर मी शिकलो तेच विमान! शेपटीवरचा नंबर तोच, डाव्या दाराची कडी तशीच दोनदा ओढावी लागणारी. सीटची कापडं बदलली होती आणि इंजिन पार खोलून नव्यासारखं केलेलं होतं. या इंजिनाची दुरुस्ती २,००० तासांनी होते. पायलटला अशी सोय नाही.

उडण्याआधी टाकीतून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढून त्यात पाणी नाही ना ते पाहायचं असतं. आमच्या वेळी ते निळं असायचं. विमानाच्या शिसेयुक्त पेट्रोलला ओळखू यावं म्हणून निळा रंग देतात, आणि निळा दिसला की बिनघोर निघायचं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर १ जानेवारी २०२२ पासून शिसेयुक्त पेट्रोल विकणं बंद आहे. आसपास दाट वस्ती आहे, मुलांच्या रक्तातल्या शिशावरून बरीच वर्षं वाद झाला, आणि जिल्ह्यानं निर्णय घेतला. योग्यच केलं. पण नळी उन्हात धरून निळा रंग शोधत मी इतका वेळ उभा राहिलो, की शेजारच्या विमानातून एक बाई उतरून "काही सापडलं का?" म्हणून विचारून गेल्या.

इन्स्ट्रक्टर म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा एक शांत मुलगा. त्याचं शांत असणं स्वभावातलं असेल असं मला आधी वाटलं. नंतर समजलं, ते धंद्याचं भांडवल आहे. २०१३ पासून अमेरिकेत एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसायला साधारणपणे १,५०० तासांचं उड्डाण लागतं. इतके तास पदरच्या पैशानं कोण उडणार? म्हणून ही मुलं आमच्यासारख्यांना शिकवतात. भाडं आम्ही भरायचं, तास त्यांचे वाढायचे. तेव्हा पुढच्या वेळी तुम्ही शिकागोला चाललेला असाल, विमान हिसके खात असेल आणि कॅप्टनचा आवाज अगदी निवांत येत असेल, तर थोडे आभार आमचेही माना. त्याला याहून वाईट काय असू शकतं ते आम्ही दाखवलेलं आहे.

जमिनीवरचा तास हा बदलांचा पाढा असतो. धावपट्टीवर जाऊन थांबायला टॉवर पूर्वी ज्या शब्दांत सांगायचा, ते शब्द ३० सप्टेंबर २०१० ला बदलले. १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांच्या आसपास उडायचं तर विमानानं आपला ठावठिकाणा स्वतःहून सतत सांगत राहायला हवा. त्या यंत्राचं नाव एडीएस-बी. हे ऐकून बायकोचे डोळे चमकले. आता मी कुठे आहे हे ती स्वयंपाकघरात बसून फोनवर पाहते, आणि "जलाशयावर चार चकरा कशाला मारल्यास?" असं संध्याकाळी विचारते. ओकलंडच्या मोठ्या धावपट्टीचा नंबर पूर्वी २९ होता, तो आता ३० आहे. धावपट्टीचे नंबर होकायंत्राच्या दिशेवरून ठरतात, आणि पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव सरकत राहतो. मी वर्षानुवर्षं घरी बसलो म्हणून तो काही थांबला नव्हता.

नकाशे मात्र सुधारले, हे मान्य करायला हवं. पूर्वीचा कागदी नकाशा एवढा मोठा असे, की कॉकपिटमध्ये उलगडला की बाहेरचं दिसणं बंद होई आणि घडी परत तशीच घालणं इंजिनिअरिंगच्या पदवीवाल्यालाही जमत नसे. आता सगळं आयपॅडवर. विमान नकाशावर आपोआप सरकतं. फक्त जुलै महिन्यात उन्हात तापला की आयपॅड स्वतःला बंद करून घेतो. कागदानं असा रुसवा कधी धरला नाही. म्हणून जुने पायलट सीटखाली कागदी नकाशाही ठेवतात, आणि नवे पायलट दुसरा आयपॅड ठेवतात.

मग हवेतला तास. इथे परतणाऱ्यांचा जो अनुभव सगळे सांगतात, तो खरा निघतो: हातापायांना सगळं आठवतं. टेकऑफला इंजिनाचा जोर लागला की विमानाचं नाक डावीकडे जातं, उजवा पाय दाबून ते सरळ ठेवायचं असतं. पाय आपला आपण दाबला जातो. (इन्स्ट्रक्टरच्या मते अजून जास्त दाबला पाहिजे. सगळ्या इन्स्ट्रक्टरांच्या मते, सगळ्या काळांत, उजवा पाय अजून जास्त दाबला पाहिजे.) अँडरसन जलाशयाच्या वर जाऊन वळणं घेतली, वेग कमी करत विमान स्टॉल केलं, सावरलं. पंचेचाळीस अंशांच्या वळणात उंची शंभर फुटांच्या आत राहिली. मुलगा "नॉट बॅड" म्हणाला. त्या वेळी मला १,५०० तास झाल्यासारखं वाटत होतं.

विसरतं ते तोंड. टॉवरशी बोलायचा एक क्रम आहे: तुम्ही कोणाला बोलवताय, तुम्ही कोण, कुठे आहात, काय हवंय. चार गोष्टी, तीन सेकंद. आपल्याकडे फोनवरचं बोलणं "ओळखलंस का?" पासून सुरू होतं, मग तब्येत, मग पाऊस, आणि काम निघतं ते "बरं, ठेवू का?" म्हटल्यानंतर. हा संस्कार रजेच्या काळात जोरात परत येतो. बे एरियाचं आकाश तर गर्दीचं. सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि सॅन होजे असे तीन मोठे विमानतळ, आणि रीड-हिलव्ह्यू सॅन होजेच्या मोठ्या विमानतळाला अगदी चिकटून. कंट्रोलर एका श्वासात पाच विमानांशी बोलतो. त्यातलं तिसरं विमान आपलं आहे, हे चौथ्याचं बोलणं चालू असताना लक्षात येतं. मी बटण दाबून सुरुवात केली, नाव सांगितलं, जागा सांगितली, आणि मग काय हवंय ते सांगायच्या ऐवजी सवयीनं थोडी पार्श्वभूमी द्यायला लागलो. कंट्रोलरबाईंनी ऐकून घेतलं. मग अतिशय सभ्यपणे म्हणाल्या, "सर, तुम्हाला उतरायचंय का?"

आणि उतरणं. लँडिंगबद्दल पुस्तकांत पुष्कळ लिहिलेलं असतं, ते सगळं शेवटच्या वीस फुटांच्या वरचं असतं. धावपट्टीच्या रेषेत या, वेग ६५ नॉटच्या आसपास ठेवा, फ्लॅप सोडा. इथवर कुणीही येतो. नंतर विमान जमिनीजवळ आल्यावर नाक हळूहळू वर धरत वेग मारायचा, आणि तो नेमका जमीन भेटते तेव्हाच संपला पाहिजे. जमीन किती खाली आहे हे सांगणारं कुठलंही यंत्र या विमानात नाही. ते डोळ्यांना कळायला हवं, आणि डोळे एवढी वर्षं स्क्रीनकडे पाहत होते. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकला की जे होतं, ते इथे ३१ क्रमांकाच्या धावपट्टीवर पूर्ण विमानासकट होतं. वेग पाच नॉट जास्त असला तर उलट प्रकार: विमान उतरायचं नावच घेत नाही, धावपट्टीवर चार फुटांवरून तरंगत राहतं आणि शेजारच्या ईस्टरिज मॉलमधली माणसं वर बघायला लागतात. अशा वेळी इन्स्ट्रक्टरच्या हातावर लक्ष ठेवावं. हात मांडीवर असेल तर सगळं ठीक. मांडीवरून गुडघ्यावर आला तर काहीतरी सुधारा. गुडघ्यावरून उचलला गेला तर थ्रॉटल पूर्ण पुढे करून परत वर जा, कारण त्याला अजून एअरलाइनमध्ये जायचंय.

यासाठी पैसे मोजावे लागतात, ते हॉब्स नावाचा मीटर मोजतो. तो तासाचे दहा भाग करतो. म्हणजे दर सहा मिनिटांनी आकडा पडतो, आणि तासाचं भाडं आता दोनशे डॉलरच्या घरात गेलेलं असल्यामुळे आकडा पडला की वीस डॉलर पडतात. इन्स्ट्रक्टरचे वेगळे. टेकऑफसाठी आपल्या पुढे चार विमानं असली की ते सौंदर्य नुसतं बसून पाहायचं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मीटर पडायच्या आत इंजिन बंद करता यावं म्हणून परतताना टॅक्सीवेवरून जरा पळवतच विमान आणतात. ते सोलापूरचे आहेत, एवढंच सांगतो.

पण एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परतणाऱ्या माणसाचा आत्मविश्वास त्याच्या कौशल्याच्या आधी परत येतो. चार लँडिंग जरा बरी झाली, लॉगबुकात सही पडली, की माणसाला पूर्वीचा आपण आठवतो, आणि पूर्वीचा आपण आठवणीत नेहमीच उत्तम उडवत असतो. मग तो हाफ मून बेला नाश्त्याला निघतो. तिथे समुद्रावरून धुकं येतं. उन्हाळ्यात तर रोजचा पाहुणा. सॅन होजेत लख्ख ऊन, डोंगरापलीकडे पांढरी गादी. ढगात शिरलं की वर-खाली कळत नाही, कानातला तोल चुकीचं सांगतो आणि त्यावर विश्वास बसतो. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात २० नवख्या पायलटांना बाहेरचं दिसणं बंद करून उडवायला लावलं, तेव्हा सरासरी १७८ सेकंदांत विमान हाताबाहेर गेलं. तीन मिनिटंसुद्धा नाही. रोज उडणारा पायलट अशा दिवशी मुकाट्यानं मागे फिरतो. उडणं थांबवून परत आलेल्याला मात्र वाटतं, एवढी वर्षं फुकट घालवली, आता आजचा दिवसही घालवू का? मला वाटतं, हाताला लँडिंग महिन्याभरात येतं. घरी परत जायची अक्कल यायला जास्त वेळ लागतो. त्याची सही लॉगबुकात कुणी देत नाही.

तेव्हा माझी विनंती परतणाऱ्या पायलटांना नाहीच, ते ऐकणार नाहीत. ती त्यांच्या मित्रमंडळींना आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना आहे. अमेरिकेतला कुणी भाऊ, मेहुणा किंवा कॉलेजचा मित्र "चल, तुला वरून गोल्डन गेट दाखवतो" म्हणाला, तर भारावून जाऊ नका, आणि लाजूही नका. त्याला दोन प्रश्न विचारा. पहिला: गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालीत का? त्याशिवाय प्रवासी घेऊन उडायला कायद्यानंच बंदी आहे. दुसरा कायद्यात नाही, पण जास्त महत्त्वाचा: गेल्या काही महिन्यांत हवा बघून विमानतळावरून तसाच घरी कितीदा परतलास? दोन-चारदा म्हणाला तर खुशाल जा, खिडकीकडची जागा घ्या. "छे, एकदाही नाही" असं छाती काढून म्हणाला, तर सॅन फ्रान्सिस्कोहून सॉसालिटोला बोट जाते. तिच्यातूनही पूल छान दिसतो.